महिन्याला एक विषय: वाचनगटाचं पुढचं वर्ष आखायला मदत हवी आहे

खूणपट्टी

आमच्या वाचनगटाला येत्या जानेवारीत चार वर्षं पूर्ण होतील. चौदा जण आहोत. पहिली तीन वर्षं सगळे मिळून एकच पुस्तक वाचायचो. पण चौदा प्रती जमवता जमवता अर्धा महिना जायचा, आणि ज्याला ते पुस्तक आवडलं नाही तो त्या महिन्यात फिरकायचाच नाही. म्हणून यंदा पद्धत बदलली. महिन्याला एक विषय सगळ्यांचा, पुस्तक ज्याचं त्याचं. वर्ष संपत आलंय आणि पुढच्या बारा महिन्यांचे विषय ठरवायचं काम माझ्याकडे आलंय.

दोन बैठकांबद्दल सांगते, म्हणजे अडचण नेमकी कळेल.

एप्रिलचा विषय होता 'निळं मुखपृष्ठ'. सुचवला तेव्हा सगळ्यांना भारी वाटला होता. अकरा जण आले, अकरा निळी पुस्तकं टेबलावर मांडली, फोटो काढला. मग प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं आपल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली आणि बाकीच्यांनी ऐकून घेतली. एकाच्या बोलण्यात दुसऱ्याने धरावं असं काही नव्हतंच. तासाभरात सगळे उठले.

जूनमध्ये 'स्थलांतर' घेतलं. एकीने देश सोडून गेलेल्या कुटुंबाची कादंबरी वाचली होती, एकाने पक्ष्यांवरचं शास्त्रीय पुस्तक, आणि गटातल्या एका काकांनी पुस्तकाऐवजी वडिलांची जुनी रोजनिशी आणली होती. पक्ष्यांचं पुस्तक वाचणाऱ्याने गॉडविट नावाच्या स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याबद्दल सांगितलं. २०२२ साली एक गॉडविट अलास्कातून निघून थेट टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठेही न थांबता, आणि तो त्याच वर्षी जन्मलेला पक्षी होता. निघण्याआधी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात आणि त्याच वेळी त्यांचं जठर आणि आतडी आक्रसून लहान होतात. वाटेत खायचंच नाही, तर ते वजन कशाला वाहायचं?

हे ऐकल्यावर काकांनी रोजनिशीचं एक पान उघडलं. निघताना बरोबर काय काय घेतलं त्याची यादी होती, शाईने, ओळीत क्रमांक टाकून. काका म्हणाले, "यात काय नेलं ते सगळं आहे. काय ठेवून आले ते कुठेच नाही." कादंबरी वाचलेली मैत्रीण लगेच म्हणाली, की माझी अख्खी कादंबरी त्या न लिहिलेल्या यादीवरच आहे. पुढचे अडीच तास आम्ही फक्त एवढ्यावरच बोलत होतो: निघताना माणूस काय मागे ठेवतो.

अशी बैठक आधी ठरवून घडवता येते का, की ती नशिबाने जमून येते? सध्या माझ्या कच्च्या यादीत 'प्रेम', 'लेखिका', 'एका शब्दाचं शीर्षक', 'पाचशे पानांहून मोठं', 'प्रवास', 'रहस्य' आणि 'अनुवाद' आहेत. ही यादी बघून मला स्वतःलाच उत्साह वाटत नाहीये. सुचवा.

शेवटचं_पान

तुझं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. 'स्थलांतर' हा नुसता विषय होता. बैठक रंगली ती 'काय मागे ठेवतो' या प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न तुम्हाला वाटेत सापडला. मग पुढच्या वेळी तो आधीच का ठरवू नये? विषयाबरोबर एक प्रश्नही जाहीर करायचा. पुस्तक कुठलंही असो, वाचताना तो प्रश्न डोक्यात ठेवायचा.

'प्रवास' म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या वाटेने जातो. 'प्रवासाला गेलेला माणूस परत येताना तोच असतो का?' असं म्हटलं की सगळे एका जागी येतात. 'रहस्य'ऐवजी 'सत्य कळल्यावर कोणाचं भलं झालं?' असं विचारून बघ. रहस्यकथा वाचणाराही बोलेल आणि एखाद्या शोधाचा इतिहास वाचणाराही.

मुखपृष्ठाचा रंग, शीर्षकातल्या शब्दांची संख्या, पानांची संख्या यांतून पुस्तक निवडायला मदत होते, पण वाचून झाल्यावर हाती बोलायला काहीच उरत नाही. असे विषय मी यादीतून काढून टाकेन.

मलपृष्ठ

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझा जीव वर्गीकरणात. आमच्या वाचकगटाने दोन वर्षांपूर्वी केलेला प्रयोग सांगते.

अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्युईची पुस्तकं विषयवार लावायची दशांश पद्धत १८७६ सालची. सगळं ज्ञान दहा मुख्य वर्गांत वाटलेलं: ००० सामान्य, १०० तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास आणि भूगोल. दहा वर्ग, दहा महिने. उरलेले दोन महिने मोकळे. प्रत्येकाने त्या महिन्यात त्या वर्गाच्या कपाटापाशी जायचं, हाताला लागेल ते चाळायचं आणि एक घरी न्यायचं.

गटातल्या एका गृहस्थांनी आयुष्यभर कादंबऱ्यांशिवाय काही वाचलं नव्हतं. ५०० च्या महिन्यात ते कपाटासमोर बराच वेळ नुसते उभे होते. शेवटी ५९५.७ वर थांबले, म्हणजे कीटक. मुंग्यांचं पुस्तक नेलं. पुढच्या बैठकीला त्यांनी वहीत काढलेली वारुळाची आकृती आणली होती आणि ती सगळ्यांच्या हातात फिरवली. त्यानंतर तीन महिने ते ५०० वरून हललेच नाहीत.

२०० चा महिनाही लक्षात राहिला. मूळ रचनेत या वर्गाचा बहुतेक भाग ख्रिस्ती धर्मासाठी ठेवलेला आहे आणि जगातले बाकीचे सगळे धर्म २९० च्या दशकात कोंबलेले आहेत. त्या दिवशी पुस्तकांवर बोलायच्या आधी आम्ही कपाटावरच बोललो. कोणाला किती जागा मिळाली आणि ती कोणी ठरवली, हा प्रश्न तिथेच तयार झाला. शेवटचं_पान म्हणतात तसा.

भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला दुसरा 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि तिसरा 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक'. वाचनगट बहुधा दुसऱ्या नियमावरच चालतात. महिन्याच्या विषयाचा खरा उपयोग तिसऱ्यासाठी आहे असं मला वाटतं. मुंग्यांचं ते पुस्तक सहा वर्षं कोणी नेलं नव्हतं. मी तारखांचा शिक्का बघितला होता.

संथ_वाचक

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. विषय कितीही छान असला, तरी महिना तीसच दिवसांचा.

एक हिशेब मांडतो. चारशे पानांचं पुस्तक, पानाला साधारण अडीचशे शब्द धरले तर एक लाख शब्द. मिनिटाला दोनशे शब्द या वेगाने वाचलं तर आठ तास वीस मिनिटं लागतात. रोज वीस मिनिटं काढली तर पंचवीस दिवस. म्हणजे महिन्यात जेमतेम पाच दिवस चुकवायला जागा. आणि मी मिनिटाला दोनशे शब्द वाचत नाही. मागे वळतो, वाक्य पुन्हा वाचतो, कधी पुस्तक मांडीवर ठेवून नुसता बसतो. माझ्यासाठी वाचन म्हणजे तेच आहे.

मी आधीच्या एका गटात होतो, तिथे गुणतक्ता होता. पुस्तक पूर्ण केलं की दहा गुण, अर्धवट राहिलं की शून्य. वर्षाच्या मध्यापर्यंत दोन गोष्टी झाल्या. काही जण सरळ बारीक पुस्तकं शोधायला लागले. आणि एक आजी, ज्या सात महिने एकच मोठं आत्मचरित्र वाचत होत्या आणि दर बैठकीला त्यातलं असं काही सांगायच्या की सगळे गप्प व्हायचे, त्या तक्त्यात सगळ्यात खाली होत्या. एके दिवशी त्या यायच्याच बंद झाल्या. मी पुढच्या महिन्यात सोडलं.

म्हणून विनंती: 'चॅलेंज' म्हणा हवं तर, पण मोजू नका. आणि एक लघुकथा वाचली तरी ते वाचन धरा.

खूणपट्टी

संथ_वाचक, आजींचं वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे गुणतक्ता नाही, पण गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'माझं झालं' असं टाकायची सवय लागली आहे. महिन्याच्या विसाव्या दिवशी आठ जणांनी 'झालं' टाकलं की उरलेल्या सहा जणांना काय वाटत असेल, हा विचार मी कधी केलाच नव्हता. ते आजपासून बंद करायला सांगते. त्याऐवजी ज्याला जे वाक्य थांबवेल ते टाकावं, पान क्रमांकासकट. पुस्तक अर्धं असलं तरी चालेल.

मलपृष्ठ, कपाटाची कल्पना खूप आवडली. अख्खं वर्ष नाही, पण दोन महिने तरी घेते.

कानसेन

ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरता का? हा प्रश्न दर गटात येतो, म्हणून आधीच ठरवून टाका. माझी दृष्टी अधू आहे. गेली सहा वर्षं मी फक्त ऐकतो. एक लाख शब्दांचं पुस्तक मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने कोणी वाचून दाखवलं तर अकरा तासांच्या पुढे जातं, म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्यापेक्षा मला जास्तच वेळ लागतो. हा सोपा मार्ग नाही, वेगळा मार्ग आहे.

एक गोष्ट आयोजकांच्या लक्षात येत नाही. ऐकणाऱ्याला पान क्रमांक नसतो. 'पान १४२ उघडा' म्हटलं की मी चर्चेतून बाहेर पडतो. प्रकरणाचा क्रमांक सांगा आणि त्या वाक्याचे पहिले चार शब्द वाचा, मी शोधून घेईन.

आणि विषयांत एक महिना 'आवाज' ठेवा. नाटक, भाषणं, लोककथा, जे मुळात ऐकण्यासाठीच जन्मलं ते. त्या महिन्यात सगळ्यांनी निदान एक प्रकरण कानांनी वाचावं.

खूणपट्टी

कानसेन, पान क्रमांकाची चूक मी वर दोनच तासांपूर्वी केली आहे. दुरुस्त करते: वाक्य टाकताना प्रकरण आणि पहिले चार शब्द. ऐकलेलं पुस्तक अर्थातच धरणार.

मोकळं_कपाट

थोडा विरोधी सूर लावते. मला विषयच नको वाटतात. शाळेत 'पुढील विषयावर निबंध लिहा' म्हणायचे तसं वाटतं. पुस्तक माणसाला नेमक्या वेळी भेटतं. मी एका अवघड काळात जे पुस्तक वाचलं, ते कोणाच्या मार्चच्या विषयात बसलं म्हणून नाही, तर मैत्रिणीने उशाशी आणून ठेवलं म्हणून. विषय आला की मी पुस्तकाकडे कामाच्या नजरेने बघायला लागते: यात माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे का? आणि उत्तर शोधताना पुस्तक हातातून निसटतं.

शेवटचं_पान

मोकळं_कपाट, हा धोका खरा आहे. आमच्याकडे एकदा प्रश्न इतका घट्ट ठरवला होता, की सगळे पुरावे गोळा करून आले होते. चर्चा झाली, पुस्तकं मात्र उघडलीच गेली नाहीत.

पण मैत्रिणीने उशाशी पुस्तक ठेवलं, तेव्हा तिनेही तुमच्यासाठी निवडच केली होती ना? गटाने एक महिना तसाच करावा. जोड्या पाडायच्या, आणि प्रत्येकाने जोडीदाराशी आधी अर्धा तास बोलून त्याच्यासाठी पुस्तक निवडायचं. विषय नाही, प्रश्न नाही. बैठकीत वाचणाऱ्याने एवढंच सांगायचं, की हे माझ्यासाठी का निवडलं असेल असं मला वाटतं. मग निवडणाऱ्याने खरं कारण सांगायचं.

मोकळं_कपाट

हा महिना मला आवडेल. मनापासून.

भाषांतर_वेडी

यादीत 'अनुवाद' आहे ते बघून आनंद झाला, पण 'एक अनुवादित पुस्तक वाचा' एवढ्यावर सोडू नका. तसं केलं की सगळे कथानकावर बोलतात आणि अनुवादकाचं नावही निघत नाही.

३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन, म्हणून आम्ही सप्टेंबर धरला. ही तारीख बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमच्या स्मृतिदिनाची, आणि संयुक्त राष्ट्रांनी तिला २०१७ मध्ये मान्यता दिली. आम्ही अशी पुस्तकं शोधली ज्यांचे एकाहून अधिक अनुवाद झाले आहेत. दोघा-दोघांनी एकाच पुस्तकाचे वेगवेगळे अनुवाद घेतले. बैठकीत दोघांनी पहिला परिच्छेद एकापाठोपाठ मोठ्याने वाचला. एका अनुवादात आई मुलाला 'तू' म्हणत होती आणि मुलगा तिला 'तुम्ही'. दुसऱ्यात दोघंही 'तू'. मूळ भाषेत हा भेदच नव्हता! म्हणजे त्या घरातलं अंतर अनुवादकाने ठरवलं होतं. फक्त तेवढ्या एका शब्दावर अख्खी बैठक झाली.

नियम एकच ठेवा: बोलायला सुरुवात करताना आधी अनुवादकाचं नाव घ्यायचं.

मलपृष्ठ

दिनविशेषांवरून विषय घेणार असाल तर २१ मार्च जागतिक कविता दिन (युनेस्कोने १९९९ मध्ये ठरवला), २७ मार्च रंगभूमी दिन, २३ एप्रिल पुस्तक दिन. पण सगळं वर्ष त्यावर टांगू नका, नाहीतर मार्चमध्ये तीन विषय आणि जुलैत एकही नाही असं होतं.

२३ एप्रिलबद्दल एक गंमत मात्र बैठकीत सांगण्यासारखी आहे. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस दोघांच्याही मृत्यूची नोंद १६१६ सालच्या या तारखेशी जोडली जाते, पण तेव्हा इंग्लंड आणि स्पेनची दिनदर्शिका वेगवेगळी होती, त्यांच्यात दहा दिवसांचं अंतर होतं. तारीख एक, दिवस दोन! यावरून 'एकच साल' असा विषय निघतो. गटाने एक साल ठरवायचं आणि सगळ्यांनी त्या साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं पुस्तक वाचायचं, कुठल्याही भाषेतलं, कुठल्याही प्रकारचं. प्रश्न: त्या वर्षी माणसं कशाला घाबरत होती?

संथ_वाचक

कवितेच्या महिन्यात अख्खा संग्रह वाचायला सांगू नका. एक कविता पुरे. महिनाभर रोज तीच. बैठकीत दोनदा वाचायची: एकदा ज्याने आणली त्याने, एकदा ज्याने ती कधीच ऐकलेली नाही त्याने.

रात्रपाळी

आत्तापर्यंत नुसता वाचत होतो. एक भर घालतो.

पुस्तक सोडायची परवानगी लेखी द्या. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम आहे: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं. म्हणजे सत्तरीच्या माणसाने तीस पानं दिली की बास. आमच्या गटात हा नियम आल्यापासून हजेरी वाढली, कारण आधी ज्यांचं पुस्तक अडायचं ते लाजेने यायचे नाहीत.

आणि सोडलेल्या पुस्तकांचाच एक महिना करा. प्रत्येकाने पूर्वी कधीतरी अर्धवट टाकलेलं एक पुस्तक पुन्हा हातात घ्यायचं. माझ्या एका पुस्तकात पान ८८ वर अकरा वर्षांपूर्वीचं बसचं तिकीट निघालं, तिथेच मी थांबलो होतो. पुन्हा वाचलं तेव्हा पान ९० वर एका बापाच्या आजारपणाचं प्रकरण सुरू झालं. तेव्हा माझे वडील धडधाकट होते. या वेळी मी ते एका बैठकीत संपवलं.

खूणपट्टी

सगळं वहीत उतरवून घेतलं. काल गटातल्या चौघांबरोबर बसून कच्चं वर्ष आखलं.

जानेवारीत सोडलेली पुस्तकं, रात्रपाळी यांच्या पद्धतीने, प्रश्न: 'तेव्हा का थांबलो?' सुरुवातीलाच हा महिना घेतला, म्हणजे पुस्तक सोडण्यात कमीपणा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरून जाईल. मार्चमध्ये प्रत्येकाची एकच कविता. एप्रिलमध्ये 'एकच साल'. साल चिठ्ठी टाकून काढणार. मे आणि ऑक्टोबर कपाटाचे, मे ५०० चा आणि ऑक्टोबर ३०० चा, त्यांना प्रश्न आधी द्यायचा नाही, तिथेच सापडू द्यायचा. जुलै 'आवाज'. सप्टेंबरमध्ये अनुवाद, जोडीने. डिसेंबर मोकळं_कपाट यांचा, एकमेकांसाठी निवडलेली पुस्तकं.

फेब्रुवारीला 'प्रेम' होतं, त्याचं 'प्रेमात कोण कोणासाठी गप्प राहिलं?' केलं. जूनमध्ये 'परत येणं', कारण यंदाच्या 'स्थलांतर'चा दुसरा अर्धा भाग राहिलाय असं सगळ्यांनाच वाटतं. नोव्हेंबरमध्ये पत्रं आणि रोजनिशा, ती काकांची मागणी आहे. प्रश्न तेच ठरवणार आहेत.

ऑगस्ट मुद्दाम रिकामा ठेवला. ज्यांचं काही मागे राहिलं असेल त्यांनी ते वाचावं, ज्यांना काहीच वाचायचं नसेल त्यांनी नुसतं येऊन ऐकावं.

'पाचशे पानांहून मोठं' यादीतून काढायला गेले तर एक मैत्रीण हटून बसली. तिच्याकडे एक नऊशे पानांची कादंबरी चार वर्षं पडून आहे. शेवटी ठरलं, की तिने जानेवारीत सुरू करायची आणि दर बैठकीत पाच मिनिटं फक्त ती कुठवर आली ते सांगायचं. विषय काहीही असो.

संथ_वाचक

तिच्यासाठी बैठकीची शेवटची पाच मिनिटं ठेवा. आमच्या आजी नेहमी शेवटी बोलायच्या.

खूणपट्टी

शेवटचीच ठेवते.